पाहुणा कुत्रा आणि घरची मांजरं: पिसवा, गोचिड्या, जंत यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गणपती, दिवाळी, मे महिन्याची सुट्टी जवळ आली की मांजरवाल्या घरांत एक काळजी हमखास सुरू होते. भाऊ-वहिनी किंवा मावशी त्यांच्या लॅब्रॅडॉरसकट आठवडाभर राहायला येणार असतात आणि घरात दोन मांजरं असतात. दोघांचं पटेल का, हा प्रश्न वेगळा. इथे फक्त एकमेकांकडून काय लागू शकतं आणि ते कसं टाळायचं एवढंच पाहू. दोन गोष्टी आधीच सांगून ठेवते. बरीचशी लागण अंगाला अंग लागून होत नाही, ती लादी, गादी, सोफा आणि अंगणातली माती यांच्यामार्फत होते. आणि मांजराच्या जिवाला कुत्र्याच्या पिसवांपेक्षा कुत्र्याच्या औषधाचा धोका कितीतरी मोठा असतो.

कुत्र्याच्या अंगावरच्या पिसवा मांजराला लागतात का?

लागतात. कुत्र्याची पिसू वेगळी, मांजराची वेगळी असं आपण धरून चालतो, पण टेनोसेफॅलिडिस फेलिस नावाची एकच जात जगभर दोघांच्याही अंगावर सापडते. तिला रक्ताशी मतलब. माणूस तिचं आवडतं गिऱ्हाईक नाही, तरी भूक लागली की ती आपल्या घोट्यांनाही चावते.

मोठी पिसू एकदा अंगावर चढली की सहसा तिथेच राहते. त्यामुळे दोघं खोलीच्या दोन टोकांना बसून एकमेकांवर गुरगुरत असतील तर पिसू उडी मारून पलीकडे जाईल याची फार भीती नको. खरी भानगड अंड्यांची आहे. एक मादी दिवसाला चाळीस-पन्नास अंडी घालू शकते आणि ती गुळगुळीत असल्यामुळे केसांना चिकटून राहत नाहीत. कुत्रा जिथे झोपेल, अंग झटकेल, सोफ्यावर लोळेल तिथे ती मिठासारखी सांडत जातात. त्यातून अळ्या निघतात, त्या उजेड टाळून सतरंजीच्या खाली, दिवाणाच्या फटीत शिरतात आणि पुढे कोष करतात. आपल्याकडच्या दमट उबदार हवेत हे सगळं चक्र दोन-तीन आठवड्यांत पुरं होतं. म्हणजे पाहुणे सोमवारी गेले आणि मांजराला खाज महिन्याभराने सुटली, तर त्यात नवल काहीच नाही.

कोषातली पिसू काही महिने तशीच दबून राहू शकते. पावलांचा हादरा, अंगाची ऊब, श्वासातून येणारा कार्बन डायऑक्साइड एवढं मिळालं की ती बाहेर येते. कोकणातलं बंद घर गणपतीला उघडल्यावर पहिल्याच संध्याकाळी सगळ्यांच्या पायाला चावे उठतात ते यामुळेच. मधल्या काळात पडवीत कुणाचं तरी कुत्रं-मांजर मुक्कामाला असतं.

पिसवा आहेत हे ओळखायचं कसं? मांजराच्या अंगावर तर काहीच दिसत नाही.

दिसणार नाही. मांजर दिवसभर स्वतःला चाटतं आणि बऱ्याच पिसवा त्यातच गिळून टाकतं. म्हणून पिसू शोधत बसू नका, तिची घाण शोधा. मांजराला पांढऱ्या उशीच्या अभ्र्यावर बसवा. बारीक दातांची फणी (उवांची लोखंडी फणी उत्तम चालते) शेपटीच्या मुळापासून पाठीवरून फिरवा, मग मानेभोवती आणि हनुवटीखाली. फणीत किंवा अभ्र्यावर मिरपुडीसारखे काळे कण पडले तर ते ओल्या कापसावर घ्या आणि मिनिटभर थांबा. साधी धूळ असेल तर काळीच राहते. कणाभोवती तांबूस-तपकिरी ओघळ पसरला तर ते पचलेलं रक्त आहे, म्हणजे पिसू आहे. हीच परीक्षा पाहुण्या कुत्र्याच्या कमरेवर, शेपटीच्या वरच्या भागात करा. फणीत जिवंत पिसू आली तर चिमटीत मारत बसू नका, साबणाच्या पाण्याच्या वाटीत बुडवा.

पाहुण्यांना हे सांगायचं कसं? त्यांना वाटेल आम्ही त्यांच्या कुत्र्याला घाणेरडं म्हणतोय.

खरा अडथळा बहुतेक वेळा हाच असतो. माझ्या मते आपल्या मांजरावर ढकलून मोकळं व्हावं: "वहिनी, आमच्या मनीला पिसूचं औषध देतेय, तुम्ही ब्रूनोला शेवटचं कधी दिलं होतंत? तारखा जुळवून घेऊ." ब्रूनोलाही आपल्या मांजरापासून काही लागू शकतं, हे लक्षात आणून दिलं की सहसा कुणी मनावर घेत नाही.

तारखांचं गणित असं ठेवा. जंताचं औषध निघण्याच्या आठवडाभर आधी, त्यांच्याच घरी. पिसू-गोचीड यांचं औषध निघण्याच्या दोन-तीन दिवस आधी, म्हणजे अंगावरच्या पिसवा तिकडेच मरतील. मानेवर टाकायचे थेंब वापरणार असतील तर आधीचे दोन दिवस आणि नंतरचे दोन दिवस आंघोळ नको. पाहुण्याकडे जायचं म्हणून सकाळी शाम्पूने घसघशीत आंघोळ आणि लगेच मानेवर थेंब, हे बरेच जण करतात आणि मग औषध लागू पडलं नाही म्हणतात. कुत्र्याचं अंथरूण आणि भांडी त्यांनी स्वतःची आणावीत, पण अंथरूण धुऊन, उन्हात वाळवून.

एकाच बाटलीतलं औषध कुत्र्याला आणि मांजराला चालेल का? मांजराला थोडं कमी टाकलं तर?

नाही. कमी टाकलं तरी नाही. या पानावरचं बाकी काही वाचलं नाहीत तरी एवढं वाचा.

कुत्र्यांच्या मानेवर टाकायच्या काही औषधांत पर्मेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं, आणि तेही चाळीस-पन्नास टक्क्यांच्या पुढे. कुत्र्याचं यकृत ते फोडून बाहेर टाकतं. मांजराच्या यकृतात ती ताकद फारच कमी असते. अंगावर पडलेला छोटा डोसही त्याच्या मज्जासंस्थेवर चढतो. आधी कान आणि चेहरा फडफडतो, मग अंग थरथरतं, लाळ गळते, तोल जातो, झटके येतात. मांजर मरूही शकतं. सायपरमेथ्रिन आणि डेल्टामेथ्रिन याच कुळातले. गुरांच्या गोचिड्यांसाठी आणलेलं डेल्टामेथ्रिनचं द्रावण पातळ करून कुत्र्याला लावायची पद्धत गावाकडे सर्रास आहे, तिथे घरात मांजर असेल तर विशेष सांभाळा. कुत्र्यांच्या गोचीडनाशक पावडरी आणि साबणांवरची बारीक अक्षरंही वाचून घ्या. अमिट्राझ हे आणखी एक नाव लक्षात ठेवा. कुत्र्याच्या खरजेसाठी आणि गोचिड्यांसाठी ते वापरतात, मांजराला ते चालत नाही.

मांजराला स्वतः काही लावलं नाही तरी धोका राहतो. पर्मेथ्रिन लावलेल्या कुत्र्याला ते चाटतं, त्याच्या कुशीत झोपतं, त्याच्या अंथरुणावर लोळतं. म्हणून घरात मांजर असेल तर पाहुण्या कुत्र्याला पर्मेथ्रिन नसलेलंच औषध द्यावं. अफॉक्सोलॅनर किंवा सॅरोलॅनरची महिनाभर चालणारी, नाहीतर फ्लुरालॅनरची जवळजवळ तीन महिने चालणारी चघळायची गोळी त्यासाठी सोयीची पडते, कारण औषध पोटात जातं, केसांवर काही राहत नाही. कुत्र्याला पूर्वी कधी फिट आली असेल तर या गोळ्यांआधी त्याच्या डॉक्टरांना विचारायलाच हवं. पर्मेथ्रिनवालं औषध आधीच लावून झालं असेल तर निदान तीन दिवस दोघांना वेगळं ठेवा.

मांजरासाठी सेलामेक्टिन, फिप्रोनिल, इमिडाक्लोप्रिड, फ्लुरालॅनर असे पर्याय आहेत, पण पाकिटावर मांजराचं चित्र आणि त्याच्या वजनाचा गट छापलेला असला पाहिजे. थेंब दोन्ही खांद्यांच्या वर, कवटीच्या तळाशी, केस बाजूला करून कातडीवर टाका. खालच्या बाजूला टाकले तर मान वळवून ते चाटून टाकतं. पिल्लं फार लहान असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच नको.

चुकून मांजराला कुत्र्याचं औषध लागलं. आता?

अजून झटके नसतील तर भांडी घासायच्या लिक्विड साबणाने, कोमट पाण्याने ती जागा धुवा. गरम पाणी नको, त्याने औषध आणखी आत ओढलं जातं. टॉवेलने पुसून उबेत गुंडाळा आणि पाकिटासकट दवाखाना गाठा. थरथर सुरू झाली असेल तर धुण्यात वेळ घालवू नका, आधी डॉक्टर. दूध, तूप, मिठाचं पाणी काहीही पाजू नका, उलटी काढायला जाऊ नका. लक्षणं काही तासांत दिसतात, पण कधी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही, त्यामुळे "रात्री तर बरं होतं" म्हणून निश्चिंत होता येत नाही. यावर हुकमी उतारा नाही, पण स्नायू सैल करणारी इंजेक्शनं आणि सलाईन वेळेत मिळाली तर बरीच मांजरं वाचतात.

कडुलिंबाचं तेल, कापूर, निलगिरी, डांबरगोळ्या? निदान त्या तरी नैसर्गिक आहेत.

डांबरगोळ्या कुठून नैसर्गिक? त्या नॅप्थलीनच्या असतात आणि मांजराला विषारी. कापूर, निलगिरी, टी ट्री ही तेलं मांजराच्या अंगावर किंवा अंथरुणावर नकोत, कारण अंगावर पडलेलं सगळं मांजराच्या तोंडात जातं. काळं फिनेल आणि डेटॉलसारखी जंतुनाशकं यांच्यातली फिनॉलच्या जातीची रसायनं मांजराला झेपत नाहीत. पाहुणे गेल्यावर घरभर फिनेल मारायचा मोह होतो. लादीला साबणाचं पाणी पुरेसं आहे. कडुलिंबाचा पाला गोधड्यांच्या घड्यांत ठेवायला हरकत नाही, त्याने अंगावरच्या पिसवा जातील ही आशा मात्र सोडा.

गोचिड्यांचं काय? आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो.

मजल्याने काही फरक पडत नाही. आपल्याकडच्या कुत्र्यांवर सर्रास दिसणारी तपकिरी गोचीड (रिपिसेफॅलस सँग्विनियस) घराच्या आतही सगळं आयुष्य काढू शकते, हाच तिचा त्रास. रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी कुत्र्यावरून उतरते, भिंत चढते आणि फट शोधते. स्विचबोर्डच्या कडेला, खिडकीच्या कडप्प्याखाली, दाराच्या चौकटीमागे ती हजारांनी अंडी घालते. काही आठवड्यांनी खसखशीच्या दाण्याएवढी, सहा पायांची पिल्लं भिंतीवरून वर जाताना दिसतात.

मांजरावर ही गोचीड क्वचितच बसते, तिला कुत्राच लागतो. मांजराच्या कानाजवळ, पापणीवर, बोटांच्या बेचक्यात एखादी सापडू शकते. कुत्र्याला गोचीडताप आणणारे एर्लिकिया आणि बबेसिया हे रक्तातले सूक्ष्मजीव या गोचिडीमार्फत लागतात, म्हणजे मोठी जोखीम पाहुण्याचीच आहे. तो बाहेर फिरून आला की कान आतून, पंजे आणि पट्ट्याखालचा भाग बोटांनी चाचपायचा, हे काम घरातल्या एखाद्या मुलाला वाटून द्या. मुलं ते आवडीने करतात.

गोचीड काढताना रॉकेल, तंबाखू, पेटती काडी काही नको. टोकदार चिमट्याने कातडीला लागून पकडा आणि सरळ ओढा. नखाने चिरडू नका. स्पिरिटच्या छोट्या बाटलीत टाका, पुढे डॉक्टरांना दाखवायला उपयोगी पडते.

जंत एकमेकांना लागतात का?

काही लागतात, काही नाही. जंत म्हणून सगळे एका पारड्यात टाकल्यामुळे उगीच घबराट होते.

गोलकृमींत कुत्र्याचा टॉक्सोकारा कॅनिस आणि मांजराचा टॉक्सोकारा कॅटी हे वेगळे आहेत. एकाचा दुसऱ्यात सहसा वाढत नाही. शिवाय ताज्या विष्ठेतली अंडी लगेच लागत नाहीत, त्यांना मुरायला दोन-चार आठवडे लागतात. म्हणून विष्ठा त्याच दिवशी उचलली की निम्मं काम झालं. मातीत राहिली तर ती अंडी वर्षानुवर्षं टिकतात.

अंकुशकृमींत मात्र अँकायलोस्टोमा सेलॅनिकम ही आशियातली जात कुत्रा, मांजर आणि माणूस तिघांनाही लागते. ओल्या उबदार मातीत आठवडाभरात तिच्या अळ्या तयार होतात आणि कातडीतून आत शिरू शकतात. पावसाळ्यात अंगण, परसबाग, कुंड्यांची मोकळी माती असलेल्या घरांना हे लागू आहे. बंगला असेल तर कुत्र्याची जागा ठरवून द्या आणि रोज उचला. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी फार चिंता करू नये.

जिआर्डियाचा प्रकार निराळा. हा एकपेशीय जीव पडल्या क्षणापासून लागू शकतो, ओलसर जागेत टिकतो, आणि त्याच्या काही उपजाती कुत्रा-मांजर दोघांनाही लागतात. पाहुण्याला पातळ, चिकट, वास मारणारी शी होत असेल तर पाण्याची भांडी लगेच वेगळी करा आणि तपासणी करून घ्या. कॉक्सिडिया (हेही आतड्यातले एकपेशीय जीव) मात्र ज्याचे त्यालाच.

हृदयकृमी डासामार्फत जातात, एकत्र राहून नाही.

मांजराच्या शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखं काहीतरी चिकटलंय. हे कुत्र्याकडून आलं का?

पिसवांकडून आलं. तो डिपायलिडियम नावाच्या पट्टकृमीचा तुकडा आहे. ताजा असताना वळवळतो, वाळला की तिळासारखा पिवळट होतो. पिसूच्या अळीने त्याची अंडी खाल्लेली असतात. ती मोठी पिसू मांजराने चाटताना गिळली की दोन-तीन आठवड्यांत हे दाणे दिसू लागतात. प्राझिक्वांटेल या जंताच्या औषधाने कृमी जातो, पण पिसवा राहिल्या तर महिन्याभरात परत हजर. दर महिन्याला जंताचं औषध देऊन वैतागलेल्या माणसाला खरं म्हणजे पिसूचं औषध हवं असतं.

आमच्या मांजरापासून त्यांच्या कुत्र्याला काय होऊ शकतं?

मांजराच्या शीतून जिआर्डिया किंवा अंकुशकृमी लागू शकतात, आणि कुत्र्यांना मांजराची शी हा खाऊ वाटतो. सांगायला बरं वाटत नाही, पण अगदी सुसंस्कृत घरातलं कुत्रंही पहिल्याच दुपारी लिटर बॉक्समध्ये तोंड घालतं. बॉक्स अशा खोलीत ठेवा जिथे दार साखळीने चार बोटं उघडं राहील, किंवा लहान मुलांसाठी लावतात ती जाळी जरा उचलून लावा, म्हणजे मांजर खालून जाईल आणि कुत्रा अडेल. बॉक्स उंच कपाटावर ठेवू नका. म्हातारं मांजर चढायचा कंटाळा करतं आणि मग तुमच्या उशीवर उरकतं.

कान सारखे खाजवतायत, आतून कॉफीच्या पुडीसारखं निघतंय.

कानातले माइट (गोचिडीच्या कुळातले अगदी बारीक जीव) असण्याची शक्यता मोठी. ओटोडेक्टिस हा माइट कुत्र्या-मांजरांत खुशाल फिरतो, आणि हा मात्र जवळ झोपण्याने लागतो. घरातल्या सगळ्यांवर एकदमच उपचार करावे लागतात. पडदा शाबूत आहे का हे पाहिल्याशिवाय कानात तेल किंवा कुठलेही थेंब घालू नका.

केस गेलेले गोल चट्टे?

तो बहुधा नायटा, म्हणजे बुरशी. परजीवींच्या यादीत बसत नाही, पण कुत्रा, मांजर, मुलं सगळ्यांना लागतो आणि गळलेल्या केसांवर महिनोन्महिने टिकतो. चट्टा दिसत असेल तर ही भेट पुढे ढकला.

सून गरोदर आहे. मांजर किंवा कुत्रा कुठेतरी पाठवून द्यावा का?

गरज नाही. भीती असते ती टॉक्सोप्लाझ्मा या पोटातल्या बाळाला अपायकारक परजीवीची. त्याची अंडी मांजराच्या विष्ठेतून पडतात, तीही पहिल्या लागणीनंतर साधारण एक-दोन आठवडेच, आणि ती लागण्याजोगी व्हायला एक ते पाच दिवस जातात. लिटर रोज साफ करायचं, आणि ते काम तिने करायचं नाही, मुलाने करायचं. कच्चं मटण हाताळणं आणि बागकाम यांचीही तितकीच काळजी घ्यावी, त्याबद्दल मात्र कुणी बोलत नाही.

आमचं मांजर कधीच घराबाहेर जात नाही. त्याला औषध कशाला?

कारण बाहेरचं घरात येतंय. पाहुणा असताना आणि तो गेल्यावर निदान तीन महिने मांजराचं पिसूचं औषध वेळच्या वेळी चालू ठेवा. कोषातून उशिरा बाहेर पडणाऱ्या पिसवा मांजरावर चढल्या की अंडी घालण्याआधी मरतील.

पाहुणे गेल्यावर सफाई कशी करायची?

कुत्रा झोपला ती चादर, सोफ्याची कव्हरं, पायपुसणी वॉशिंग मशीनमध्ये साठ अंशांवर. गाद्या, सतरंज्या गच्चीवर कडक उन्हात, दोन्ही बाजूंनी. पिसूच्या अळ्यांना कोरडी हवा सोसत नाही, म्हणून एप्रिलमध्ये हे सोपं आणि जुलैमध्ये कठीण. व्हॅक्युम असेल तर दोन आठवडे एक दिवसाआड सोफ्याच्या फटी, दिवाणाखालची जागा, भिंतीच्या कडा. त्याच्या थरथरीने कोषातल्या पिसवा बाहेर निघतात आणि ओढल्या जातात. पिशवी लगेच बांधून बाहेर टाका. व्हॅक्युम नसेल तर केरसुणीने कोपरे काढून लादी साबणाने पुसा. मोझेक किंवा शहाबादी लादीच्या सांध्यांत जरा जोर लावा.

पेस्ट कंट्रोल एवढ्यासाठी लागत नाही. भिंतीवर गोचिडीची पिल्लं दिसू लागली तर लागतं. त्या वेळी माणसाला घरात मांजर आहे हे आधी सांगा, फवारणीत कुठलं रसायन आहे ते विचारा, आणि सगळं पूर्ण वाळून हवा खेळेपर्यंत मांजराला दुसऱ्या घरी ठेवा. माशांची टाकी असेल तर तीही झाकायची, पंप बंद करून.

डॉक्टरांकडे जायची वेळ आली तर काय न्यायचं?

त्याच सकाळची शी, घट्ट झाकणाच्या डबीत, अक्रोडाएवढी पुरे. स्पिरिटमधली गोचीड किंवा फणीतली काळी पूड, सेलोटेपला चिकटवून. कुत्र्याला आणि मांजराला दिलेल्या औषधांची रिकामी पाकिटं, नुसती नावं नाहीत. तारखा कागदावर लिहून: कुत्रा कधी आला, कधी गेला, खाज कधी सुरू झाली. आणि पाहुण्यांचा फोन नंबर हाताशी ठेवा, कारण डॉक्टर विचारणारच की त्या कुत्र्याचं काय, त्याला दाखवलं का.